मोटारीची झळाळी आणि रंगाचा पातळ थर

नवी मोटार पहिल्या दसऱ्याला आरशासारखी चकाकत असते. दोन-तीन पावसाळे गेले, की तिच्या रंगावर एक प्रकारची मरगळ येते. सावलीत ती जाणवत नाही. पण गाडी उन्हात उभी केली, की बॉनेटवर आणि टपावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे उमटलेली दिसतात. काळ्या, गडद निळ्या वा लाल मोटारीवर तर ती लपता लपत नाहीत. रंग ‘मेला’ असा निष्कर्ष काढून मालक गाडी गॅरेजमध्ये नेतो, रबिंग-पॉलिश करून घेतो आणि ती पुन्हा झळाळते. काही महिन्यांतच जाळी परत येते आणि पुढच्या सणापूर्वी तोच खर्च नव्याने होतो. या फेऱ्यात पैसे जातात, हे सर्वांच्या लक्षात येते. प्रत्येक फेरीत रंगाचा थोडा थर कायमचा निघून जातो, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

आजच्या मोटारीचा रंग हा एक थर नसतो. पोलादी पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग संपूर्ण सांगाडा विद्युतभारित द्रावणात बुडवून गंजरोधक लेप चढविला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा मूळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक मुलामा, ज्याला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात, अशी ही रचना असते. या सर्वांची मिळून जाडी साधारण 100 ते 120 मायक्रॉन भरते. त्यातील पारदर्शक मुलामा 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मोटारीची सारी चकाकी केसाहूनही पातळ अशा पापुद्र्यावर अवलंबून असते. सूर्यकिरणांतील अतिनील भाग शोषून घेणारी द्रव्ये याच मुलाम्यात मिसळलेली असतात. तो झिजला, की खालच्या रंगाचे छत्रही झिजते.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. 1920च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग आला. जनरल मोटर्सने 1924च्या ओकलंड मोटारींना तो दिला आणि लवकर वाळणारे, नाना छटांचे रंग मोटारउद्योगात रुळले. पुढे इनॅमल रंग आले, तरी रंग आणि चकाकी एकाच थरात असण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली. अॅम्बॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या काळात उन्हाने वरचा रंग खडूसारखा भुरकट होई. कारागीर कंपाउंड लावून तो घासून काढी, फडक्याला रंग लागे आणि खालून ताजा रंग उघडा पडे. थर जाड असल्याने हे वर्षानुवर्षे चाले. घासले की चमकते, ही आपल्याकडच्या गॅरेजांतील समजूत त्या काळातून आली आहे. पारदर्शक मुलाम्याच्या गाडीला तोच हिशेब लावणे महागात पडते. गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे पाहणे सोपे आहे. दाराच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश चोळावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंग एकथरी आहे. पांढऱ्या गाडीवर ही खूण अर्थातच ओळखता येत नाही. तिथे काळे फडके घ्यावे.

चकाकी म्हणजे नेमके काय, हेही समजून घ्यायला हवे. पृष्ठभाग सपाट असेल, तर त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो आणि त्यात आकाश, इमारती, झाडे स्पष्ट दिसतात. त्याच पृष्ठभागावर हजारो सूक्ष्म ओरखडे पडले, की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि प्रतिबिंब धूसर होते. ओरखडे खरे तर सर्व दिशांना सरळ-तिरपे पसरलेले असतात. पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे पडणारे ओरखडेच तेवढे प्रकाश डोळ्यांकडे परतवितात, त्यामुळे ती वर्तुळे भासतात. म्हणूनच पाहणारा बाजूला सरकला, की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात.

हे ओरखडे येतात कोठून? उत्तर बहुतेकांना रुचणारे नाही: गाडी रोज पुसल्यामुळे. शहरातील धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे बारीक कण असतात आणि बांधकामे जिथे अखंड चालू आहेत तिथे तर ते विपुल असतात. हे कण मुलाम्यापेक्षा पुष्कळ कठीण असतात. कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने धूळ झाडणे म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपर फिरविण्यासारखेच आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पहाटे एकच माणूस ओळीने पंधरा-वीस गाड्या पुसतो. त्याच्याकडे एक बादली आणि एक फडके असते. तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत बादलीचे पाणी गढूळ होते आणि पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीवर घासली जाते. यात दोष त्या माणसाचा नाही. मिळणारा मोबदला, हाती असलेला वेळ आणि सोसायटीने दिलेले पाणी यांत त्याच्याकडून याहून वेगळे होणे शक्य नसते. आपल्या गाडीसाठी दोन स्वतंत्र मायक्रोफायबर फडकी देऊन ठेवणे, कोरडे पुसणे बंद करायला सांगणे आणि रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदाच, पण नीट धुवायला सांगून महिन्याचे पैसे तेवढेच देणे, हा उपाय कोणत्याही पॉलिशपेक्षा स्वस्त पडतो. आच्छादनाबाबतही असेच आहे. धुळकट गाडीवर कापडी कव्हर घातले आणि वारा सुटला, की कव्हर दिवसभर तीच धूळ रगडत राहते. कव्हर घालायचे तर स्वच्छ गाडीवरच घालावे.

ओरखड्यांखेरीज डागांचे शत्रूही आहेत. पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्लधर्मी घटक आणि उन्हाने मऊ झालेला मुलामा यांच्या संयोगाने काही तासांत कायमचा डाग उमटू शकतो. ती कोरडी खरवडू नये. ओले फडके काही मिनिटे ठेवून, भिजवून, उचलून घ्यावी. वर्षावृक्षाखाली उभ्या केलेल्या गाड्यांवर जो चिकटा पडतो, तो पुष्कळदा झाडाचा डिंक नसून झाडावरील पिठ्या ढेकणांसारख्या किडींचा गोड स्राव असतो. तो ताजा असताना साध्या पाण्याने जातो, वाळल्यावर धूळ धरतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळल्यावर पांढऱ्या कड्या सोडतात. म्हणून भर उन्हात गाडी धुणे टाळावे आणि धुतल्यावर ती आपोआप वाळू देऊ नये. लोकलच्या रुळांलगत उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके दिसतात. तो पत्र्याचा गंज नव्हे, बाहेरून येऊन बसलेल्या लोखंडी कणांचा गंज होय. दसऱ्याच्या पूजेत बॉनेटवर बांधलेल्या झेंडूच्या माळेतील तार हाही ओरखड्यांचा एक दुर्लक्षित उगम आहे. माळ दोऱ्यात ओवलेली असावी, आणि गाडी चालविण्यापूर्वी काढावी.

धुण्याची रीत

गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असताना धुवावी. प्रथम नुसते पाणी ओतून मोकळी धूळ वाहून जाऊ द्यावी; हात लावण्याआधीची ही पायरी सर्वांत महत्त्वाची. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एक मोटारीच्या शाम्पूची आणि दुसरी स्वच्छ पाण्याची. प्रत्येक भाग धुतल्यावर फडके आधी स्वच्छ पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावे. वरून खाली यावे: टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी दारांखालचा चिखलाने माखणारा पट्टा. चाकांसाठी वेगळे फडके हवे, कारण त्यांवर ब्रेकचे लोखंडी कण असतात. भांड्यांचा साबण वा कपड्यांची पावडर वापरू नये. त्याने मेणाचे संरक्षण निघून जाते. पुसताना दाब न देता मोठे मऊ फडके पसरून ओढून घ्यावे. पाण्याची टंचाई असेल, तर न खंगाळता वापरायचे विशेष द्रावण एका बादलीत मिसळून, पुष्कळ फडकी आलटून-पालटून वापरता येतात. पेट्रोलपंपावरील फिरत्या ब्रशांच्या यंत्रात नवी गाडी घालणे टाळलेले बरे.

धुऊन वाळविलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरविली, तर अनेकदा खरखर जाणवते. मुलाम्यात रुतलेले हे कण शाम्पूने निघत नाहीत. त्यासाठी ‘क्ले’ नावाची कृत्रिम माती मिळते. भरपूर वंगण-द्रावण फवारून ती हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायची असते. खाली पडलेली माती टाकून द्यावी, तिला लागलेली रेती गाडी खराब करते. वर्षातून एक-दोनदा हे पुरे होते.

पॉलिश कधी, किती

पॉलिशमध्ये अतिसूक्ष्म अपघर्षक कण असतात. ते ओरखडा ‘भरून’ काढीत नाहीत, तर त्याच्या भोवतालचा मुलामा तेवढाच खाली आणून पृष्ठभाग सपाट करतात. मध्यम तीव्रतेच्या एका फेरीत साधारण एक-दोन मायक्रॉन मुलामा जातो. जाड कंपाउंड आणि लोकरी बफ यांनी त्याहून अधिक. 40 मायक्रॉनच्या भांडवलातून अशी रक्कम किती वेळा काढायची, हे मालकाने ठरवायचे असते. रीतसर, संपूर्ण यांत्रिक पॉलिश गाडीच्या आयुष्यात मोजक्याच वेळा व्हावे. ‘सर्व्हिसिंगबरोबर दरवेळी रबिंग’ हे काही कार्यशाळांतील आर्जव नम्रपणे नाकारण्याजोगे आहे.

चांगला कारागीर आधी जाडीमापकाने ठिकठिकाणी नोंद घेतो. हे यंत्र सर्व थरांची एकत्रित जाडी दाखविते, तरीही कोठे रंग पातळ झाला आहे वा कोठे पुन्हा दिला आहे, हे त्यावरून कळते. मग तो बॉनेटच्या छोट्या चौकोनात सर्वांत सौम्य पॉलिश आणि फोमचा पॅड यांनी प्रयोग करतो. ते अपुरे पडले, तरच तीव्र कंपाउंड हाती घेतो. एकाच अक्षावर वेगाने फिरणारे यंत्र लवकर काम उरकते, पण एका जागी थांबले तर रंग जाळते आणि धारदार कडांवर मुलामा क्षणात उडविते. लंबवर्तुळाकार डुलणारे दुहेरी गतीचे यंत्र संथ असले, तरी नवख्याच्या हातीही बहुधा सुरक्षित असते.

काही उत्पादनांत तेले आणि भरणद्रव्ये असतात. ती ओरखड्यांत बसून त्यांना झाकतात, गाडी सुरेख दिसते आणि तीन-चार धुण्यांनंतर सारे पूर्ववत होते. काम घेताना एखादा भाग पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दाखविण्यास सांगावे. ओरखडे खरोखर गेले की नुसते झाकले, हे तेथेच स्पष्ट होते.

पॉलिशनंतर संरक्षक थर हवा. सर्वांत जुना तो मेणाचा. ईशान्य ब्राझिलमधील कार्नोबा ताडाच्या पानांवरचे मेण सुमारे 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते वनस्पतिजन्य मेणांत कणखर मानले जाते. तरीही आपल्या उन्हापावसात ते दोन-तीन महिन्यांपलीकडे क्वचित टिकते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट त्याहून जास्त काळ राहते. ‘टेफ्लॉन कोटिंग’ची आपल्याकडे मोठी चलती झाली, परंतु टेफ्लॉन म्हणून ओळखला जाणारा पदार्थ 327 अंशांच्या आसपास वितळतो. स्वयंपाकाच्या तव्यावर तो भट्टीत पक्का केला जातो, रंगविलेल्या मोटारीवर ते शक्य नाही. त्या नावाखाली जे चमकते, ते मुख्यतः त्यातील इतर मेण-पॉलिमरचे काम होय.

हल्लीचे सिरॅमिक कोटिंग सिलिकायुक्त असते आणि मुलाम्याला घट्ट चिकटते. त्यावरून पाणी घरंगळते, विष्ठा आणि चिकटा सहज निघतो. पण जाहिरातीतील ‘9एच’ ही कठीणपणाची पेन्सिल-चाचणीतील पायरी आहे, खनिजांच्या कठीणतेची नव्हे. वाळूचा ओरखडा त्यावरही उठतो, दगडाचा टवका तर उडतोच. शिवाय ते ज्या पृष्ठभागावर चढते, तो जसा असेल तसाच आत बंद होतो. म्हणून आधी ओरखडे काढणे भाग असते. दगडांपासून खरे रक्षण करणारी गोष्ट म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती 150 ते 200 मायक्रॉन जाड असते आणि तिचा खर्चही त्याच मानाने जड असतो. घाटरस्त्यांवर नित्य प्रवास असणाऱ्यांनी निदान बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेपुरता तिचा विचार करावा.

काही ठिकाणी कोणतेही पॉलिश चालत नाही. ओरखड्यावरून नख फिरविताना ते अडकले, तर जखम बहुधा मुलाम्याच्या पार गेलेली असते. तेथे टच-अप हवा. टपावर वा बॉनेटवर मुलामा पांढरट होऊन पापुद्रे सुटू लागले असतील, तर घासल्याने ते वाढतच जातात आणि तो भाग नव्याने रंगविण्यावाचून गत्यंतर नसते. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश लावूच नये; ठिपक्या-ठिपक्यांची चकाकी उमटते आणि ती पुन्हा मॅट करता येत नाही.

पुन्हा रंगविलेला भाग कितीही सफाईदार असला, तरी जुन्या गाड्यांचा जाणकार ग्राहक तो जाडीमापकावर ओळखतो. मूळ रंगाचा आकडा 100 ते 120च्या आसपास राहतो, दुसऱ्यांदा रंग दिलेल्या पत्र्याचा बहुधा 200च्या वर जातो आणि 500 ओलांडले, की खाली पुट्टी भरलेली आहे, असे समजून तो किंमत पाडून मागतो.