सांता क्लारा काउंटीतील निवासखर्च

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिणेस वसलेली काउंटी. लोकसंख्या सुमारे १९.३६ लाख (२०२०). मुख्य ठाणे सॅन होजे. सिलिकॉन व्हॅलीचा मोठा भाग या काउंटीत येतो. भरघोस पगाराच्या नोकऱ्या वेगाने वाढल्या. त्या प्रमाणात घरे मात्र बांधली गेली नाहीत. बहुतेक निवासी जमीन एककुटुंबी घरांसाठी राखीव असल्याने बहुमजली इमारतींना वाव कमी राहिला. परिणामी एककुटुंबी घराची मध्यक किंमत १५ लाख डॉलरांपलीकडे गेली.

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम घरावर खर्चणारे कुटुंब अमेरिकेत खर्चाच्या ओझ्याखाली, तर ५० टक्क्यांहून अधिक खर्चणारे तीव्र ओझ्याखाली मानतात. घरमालकांपेक्षा भाडेकरूंत असा ताण अधिक आढळतो.

राज्याच्या १३ व्या प्रस्तावाने (१९७८) मूळ मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर आणि त्या मूल्यातील वार्षिक वाढ २ टक्क्यांवर मर्यादित केली. घर विकले की मूल्य नव्याने ठरते. त्यामुळे जुन्या मालकांना दिलासा मिळतो, नव्या खरेदीदारांवर मोठा कर पडतो. राज्याच्याच २०१९ च्या कायद्याने अनेक भाड्याच्या घरांची वार्षिक भाडेवाढ ५ टक्के अधिक महागाईदर, कमाल १० टक्के, एवढीच ठेवली. १५ वर्षांच्या आतील इमारती त्यातून वगळल्या आहेत. २०१६ मध्ये काउंटीच्या मतदारांनी परवडणाऱ्या घरांसाठी ९५ कोटी डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले.

शिक्षक, परिचारिका व सफाई कामगारांना कामाच्या गावी राहता यावे, यासाठी भाडेकरूंचे संरक्षण आणि नव्या घरांची उभारणी दोन्ही आवश्यक आहेत.