बार्मेन १९३४: खोटी शिकवण ओळखायची कशी? (थ्रेड)

१/ १३ नोव्हेंबर १९३३. बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात सुमारे २०,००० लोक जमले होते. सभा ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या चळवळीची होती. चळवळीच्या बर्लिन शाखेचा प्रमुख रायनहोल्ड क्राउझे याने मागणी केली की, बायबलमधून जुना करार काढून टाकावा आणि संत पौलाची ‘यहुदी’ शिकवणही दूर करावी. उपस्थित धर्माधिकाऱ्यांपैकी कोणीही त्याला थांबवले नाही. टाळ्यांचा मात्र कडकडाट झाला.

२/ ही माणसे चर्चबाहेरची नव्हती. १९३२ साली स्थापन झालेल्या या चळवळीत पाळक होते, प्राध्यापक होते, श्रद्धाळू कुटुंबे होती. त्यांनी ख्रिस्ताला नाकारले नव्हते. प्रार्थना त्याच होत्या, वेदीवर क्रूसही होता. फक्त त्याच्या शेजारी स्वस्तिकाचा नाझी ध्वज आला होता. देव जसा पवित्र शास्त्रातून बोलतो, तसाच तो राष्ट्रातून, रक्तातून आणि हिटलरच्या उदयातूनही बोलतो, असे त्यांचे म्हणणे होते.

३/ महायुद्धातील पराभव, व्हर्सायचा तह आणि बेकारी यांनी खचलेल्या समाजाला हे म्हणणे गोड वाटले. २३ जुलै १९३३ रोजी प्रॉटेस्टंट चर्चच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलरने रेडिओवरून या चळवळीला पाठिंबा दिला. तिला सुमारे दोन तृतीयांश मते पडली. खोटी शिकवण बळाने घुसली नाही. ती बहुमताने निवडून आली.

४/ परिणाम लवकरच दिसले. सप्टेंबर १९३३ मध्ये प्रशियाच्या चर्चची धर्मसभा भरली. अनेक प्रतिनिधी नाझींच्या तपकिरी गणवेशात आल्याने इतिहासात ती ‘तपकिरी सभा’ म्हणून ओळखली जाते. तिने ठराव केला की, यहुदी वंशाच्या किंवा यहुदी वंशाची पत्नी असलेल्या पाळकांना सेवेत स्थान नाही.

५/ हा केवळ नोकरीचा प्रश्न नव्हता. बाप्तिस्म्याने माणूस मंडळीचा पूर्ण सभासद होतो, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ धारणा. आता बाप्तिस्म्यापेक्षा आजी-आजोबांचे रक्त मोठे ठरले. श्रद्धेचा शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थ मात्र उलटला.

६/ बर्लिनच्या डालेम भागातील पाळक मार्टिन नीम्योलर यांनी त्याच महिन्यात ‘पाळकांचा आपत्कालीन संघ’ उभारला. सभासदाने लेखी प्रतिज्ञा करायची होती की, आपण केवळ पवित्र शास्त्राशी व मंडळीच्या श्रद्धापत्रांशी बांधील राहू आणि छळ झालेल्यांच्या पाठीशी उभे राहू. काही महिन्यांत हजारो पाळक सामील झाले. विशेष म्हणजे पहिल्या महायुद्धात पाणबुडीचे कप्तान असलेल्या नीम्योलर यांनी पूर्वी स्वतः नाझी पक्षाला मत दिले होते. भ्रम त्यांनाही झाला होता.

७/ स्पोर्टपालास्टच्या सभेने मुखवटा गळून पडला. जुना करार टाकण्याची मागणी नवी नव्हती. दुसऱ्या शतकात मार्सियन या धनाढ्य जहाजमालकाने तेच सांगितले होते आणि इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला दूर केले होते. त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली, असे तर्तुलियनने लिहून ठेवले आहे. क्राउझेच्या भाषणानंतर अनेकांनी चळवळ सोडली.

८/ २९ ते ३१ मे १९३४. वुपरटाल शहरातील बार्मेन येथे सुमारे १४० प्रतिनिधी एकत्र आले. त्यांत लुथरन होते, रिफॉर्म्ड होते आणि संयुक्त मंडळींचेही होते. प्रभुभोजनाच्या अर्थावरून १५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर व झ्विंग्ली यांचे फाटले, तेव्हापासूनचे हे मतभेद. चारशे वर्षांनी हे पंथ एका निवेदनावर एकमत झाले.

९/ निवेदनाचा मसुदा मुख्यतः स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांचा. फ्रँकफुर्टच्या हॉटेलात दोघे लुथरन सहकारी दुपारी वामकुक्षी घेत असताना आपण कडक कॉफी आणि ब्राझिली सिगारच्या साथीने तो लिहिला, असे ते पुढे गमतीने सांगत.

१०/ या निवेदनाची रचनाच एक कसोटी आहे. त्यात सहा कलमे आहेत. प्रत्येक कलमात आधी बायबलमधील वचन, मग त्यावर आधारलेले विधान आणि शेवटी कोणती शिकवण खोटी म्हणून नाकारायची, याचा स्पष्ट उच्चार. ‘हो’ कशाला, हे आधी ठरते. ‘नाही’ त्यातून निघते. एकाही व्यक्तीचे नाव त्यात नाही. खोटे शिक्षक ओळखायचे ते त्यांच्या शिकवणीवरून.

११/ पहिले कलम गाभ्याचे. मंडळीने ऐकायचा देवाचा शब्द एकच, तो म्हणजे ख्रिस्त. त्याच्या जोडीला दुसरी घटना, सत्ता किंवा सत्य देवाचे प्रकटीकरण म्हणून बसवता येत नाही. पाचवे कलम शासनाला न्याय व शांततेचे काम देते. पण संपूर्ण मानवी जीवनावर हक्क सांगण्याचा अधिकार नाकारते.

१२/ ठाम राहण्याची किंमत मोठी होती. बार्थ यांची बॉनमधील प्राध्यापकी १९३५ मध्ये गेली. नीम्योलर यांना १ जुलै १९३७ रोजी अटक झाली; १९४५ पर्यंत ते कैदेत होते. पाळक पाउल श्नायडर जुलै १९३९ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारले गेले.

१३/ दुसरी बाजूही थांबली नाही. मे १९३९ मध्ये चर्चजीवनातील यहुदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. उद्घाटनाचे स्थळ होते वार्टबुर्ग किल्ला, जिथे ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले होते. या संस्थेने १९४० मध्ये यहुदी संदर्भ गाळलेला नवा करार छापला.

१४/ तरीही बार्मेनच्या निवेदनात एक मोठी उणीव आहे. छळ सोसणाऱ्या यहुद्यांविषयी त्यात एक शब्दही नाही. तरुण धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी एप्रिल १९३३ मध्येच हा प्रश्न मांडला होता. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी झाली. १९६७ मध्ये बार्थ यांनी एका पत्रात मान्य केले की, तो प्रश्न आपण तेव्हा निर्णायकपणे उचलला नाही, ही आपली चूक होती.

१५/ बार्मेनने खोट्या शिकवणीची खूण अचूक सांगितली: ती ख्रिस्ताला हाकलत नाही, त्याच्या शेजारी हळूच दुसरे आसन मांडते. पण ती खूण शत्रूच्या वेदीवर शोधणाऱ्यांना स्वतःच्या मौनातही तीच कसोटी लावायला तीन दशके लागली.