काचेतले रान : गेकोच्या पेटीत रोप कसे पोहोचले?

१/ गेको म्हणजे आपल्या भिंतीवरच्या पालीचा दूरचा भाऊबंद. तो पाळणाऱ्या तरुणांचा एक प्रश्न ठरलेला असतो : काचेच्या पेटीत जिवंत रोपे कोणती लावावीत? प्रश्न बागकामाचा वाटतो. उत्तर मात्र जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासात दडले आहे. त्यात एक वनस्पतिवेडा डॉक्टर आहे, चीनमधून गुपचूप नेलेला चहा आहे आणि नामशेष समजला गेलेला एक प्राणीही आहे.

२/ डॉ. नॅथनिएल बॅगशॉ वॉर्ड लंडनच्या गोदीजवळ, वेलक्लोज स्क्वेअर येथे राहत. त्यांना नेच्यांचा विलक्षण नाद. परंतु कोळशाच्या धुरात त्यांची नेची तग धरीत नसत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बाटलीत ठेवला आणि वर झाकण लावले. पतंग बाहेर पडण्याआधीच त्या मातीतून एक नेचा व थोडे गवत उगवून आले!

३/ जे अंगणात साधले नाही ते बाटलीत कसे साधले? दिवसा मातीतले पाणी वाफ होऊन काचेवर जमे आणि थेंबांच्या रूपाने पुन्हा मातीत उतरे. काजळी बाहेरच राही. पाणी न घालता ती रोपे सुमारे चार वर्षे जगली. पुढे झाकणाला गंज चढला, पावसाचे पाणी आत शिरले आणि ती कुजली. ओल टिकवणे आणि ओलीने कुजणे यांतले अंतर किती थोडे असते, हे त्या बाटलीनेच दाखवून दिले. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो कामी येणार आहे.

४/ १८३३ मध्ये वॉर्ड यांनी अशा दोन बंद पेट्या रोपांनी भरून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या जहाजावर चढवल्या. काही महिन्यांच्या सागरप्रवासानंतर रोपे हिरवीगार उतरली. परतीच्या फेरीत ऑस्ट्रेलियन रोपे भरली गेली. तीही उष्ण कटिबंधाचा ताप आणि दक्षिणेकडील थंडी सोसून लंडनला सुखरूप पोहोचली. १८४२ मध्ये वॉर्ड यांनी या शोधावर पुस्तक लिहिले. ‘वॉर्डियन केस’ हे नाव रूढ झाले.

५/ साम्राज्याने ही पेटी तत्काळ हेरली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४८ नंतरच्या मोहिमेत चीनमधून चहाची सुमारे २०,००० रोपे हिमालयाच्या पायथ्याकडील मळ्यांसाठी पाठवली, ती याच पेट्यांतून. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून १८७६ मध्ये आणलेल्या रबराच्या बियांची क्यू उद्यानात रोपे झाली आणि तीही अशाच पेट्यांतून श्रीलंकेला रवाना झाली.

६/ मग या पेटीत प्राणी कधी आले? लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र गृह उघडले; जगातले ते पहिले. १८८४ मध्ये योहान फॉन फिशर यांचा टेरॅरियमवरचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात प्राण्यांच्या आधी लागवडीचा उल्लेख येतो. तो क्रम आजही पाळण्याजोगा आहे : आधी रोपे रुजू द्यावीत, मग प्राणी आणावा.

७/ आता तो ‘नामशेष’ प्राणी. न्यू कॅलेडोनिया हे प्रशांत महासागरातले बेट. तेथील क्रेस्टेड गेकोचे वर्णन १८६६ मध्ये अल्फाँस गिशेनो यांनी केले. पुढे तो दिसेनासा झाला आणि संपला असे मानले गेले. १९९४ मध्ये रॉबर्ट झाइप यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत तो पुन्हा सापडला. त्यानंतर पाळीव पैदास इतकी वाढली, की आज जगभर सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या गेकोंत त्याची गणना होते.

८/ हा झुडपांतला निशाचर. दिवसा पानांत झोपतो, रात्री पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून त्याच्या पेटीतले रोप शोभेसाठी नसते. तेच त्याचे अंथरूण आणि पाणवठा. पान त्याचा भार पेलणारे हवे. संध्याकाळी फवारा मारावा आणि दिवसा पेटी बरीचशी सुकू द्यावी. हवा खेळती नसेल तर बुरशी धरते. वॉर्ड यांच्या बाटलीने शेवटी जे भोगले तेच.

९/ या कामी सर्वांत भरवशाची वेल कोणती? आपल्या खिडकीतला मनी प्लांट! त्याचे मूळ फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेट. तो क्वचितच फुलतो. आपल्या घरांत तो पसरला तो छाटाच्या कलमांनी, हातोहात. त्याच्या रसात दाहक स्फटिक असतात, पण क्रेस्टेड गेको पाने खात नाही, म्हणून चालते. पाने खाणाऱ्या सरड्याच्या पेटीत तो लावू नये. कण्हेर आणि चिकाळ शेरवर्गीय झाडे तर कोणत्याही पेटीत नकोतच.

१०/ पण प्रत्येक गेको पावसाळी रानातला नसतो. लेपर्ड गेकोचे वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये केले. त्याचे घर म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरडे, खडकाळ प्रदेश. त्याला नेच्यांच्या ओलाव्यात ठेवणे हा अन्याय होय. तेथे हावर्थिया, स्नेक प्लांट अशी कमी पाण्याची रोपे शोभतात. काटेरी निवडुंग टाळावा. त्याचा एक सख्खा जातभाई महाराष्ट्राच्या माळरानांतही राहतो. तो दिसला तर पाहावा आणि तेथेच सोडावा.

११/ आता या इतिहासाची काळी बाजू. पेटीतून रोपासोबत माती जाते आणि मातीसोबत न बोलावलेले प्रवासी. कीड, अंडी, बुरशी अशी खंडोखंडी फिरली. अमेरिकेने १९१२ मध्ये वनस्पती विलगीकरणाचा कायदा केला, तो अशाच अनुभवांतून. रोपे आणि मातीतून पसरणारी, मूळची अमेरिका खंडातली एक इवलीशी डंखी मुंगी न्यू कॅलेडोनियातही पोहोचली. आज ती क्रेस्टेड गेकोच्या उरल्यासुरल्या रानावर आलेले मोठे संकट आहे.

१२/ म्हणून रोपवाटिकेतून आणलेले रोप थेट पेटीत लावू नये. कुंडीची माती झाडून टाकावी, मुळे व पाने धुवावीत, कीटकनाशक आणि रासायनिक खत नसलेल्या नव्या मातीत लावून काही आठवडे वेगळे ठेवावे. वापरलेली माती आणि छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी किंवा रानात फेकू नयेत.

१३/ मोरेआची वेल, आफ्रिकेचे स्नेक प्लांट, न्यू कॅलेडोनियाचा गेको : निसर्गात ज्यांची कधी गाठ पडली नसती, ते आज एका काचेआड नांदतात. ही गाठ जहाजांनी, व्यापाराने आणि साम्राज्याने घातली. रोप निवडताना ‘दिसायला कसे’ याआधी ‘हा प्राणी कुठला, हे रोप कुठले आणि त्याच्या मातीतून आणखी कोण येत आहे’ हे विचारावे. हे तीन प्रश्न वेळीच विचारले गेले असते, तर एका बेटाचे रान आज अधिक सुरक्षित असते.