शिबोलेथ : एका शब्दाची कथा

इंग्रजी अग्रलेखांतून 'शिबोलेथ' हें नाम अधूनमधून आढळतें. एखाद्या पक्षाचें किंवा पंथाचें परवलीचें वचन, जें उच्चारणारा आपला आणि न उच्चारणारा परका ठरतो, हा त्याचा रूढ अर्थ होय. पुष्कळदा त्यांत निंदेची छटाहि असते : जीव निघून गेलेलें, पण अनुयायी केवळ संवयीनें घोकीत असलेलें वचन. शब्द मूळचा हिब्रू आहे, आणि तेथें त्याचा अर्थ अगदीं निरुपद्रवी, म्हणजे 'धान्याचें कणीस' असा आहे. 'पाण्याचा लोंढा' हाहि त्याचा दुसरा अर्थ असून, प्रसंग नदीकांठचा असल्यामुळें कित्येक पंडित येथें तोच अभिप्रेत मानतात.

ती कथा बायबलाच्या जुन्या करारांत, 'शास्ते' या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायांत आहे. यार्देन नदीच्या पूर्वेस गिलादी राहत, पश्चिमेस एफ्राईमी. दोघेहि इस्राएलाचेच वंशज. अम्मोनी लोकांशीं झालेल्या लढाईंत आपणांस बोलावलें नाहीं, या रागानें एफ्राईमी नदी ओलांडून गिलादी नायक इफ्ताह याचें घर जाळण्याची धमकी देत आले. युद्धांत त्यांचा मोड झाला. जीव घेऊन घराकडे पळणारे नदीच्या उतारांवर पोंचले, तों गिलादींनीं ते आधींच रोखले होते. देव एक, पूर्वज एक, भाषाहि जवळजवळ एक. मग शत्रु ओळखावा कसा? येईल त्यास 'शिबोलेथ' म्हणावयास सांगण्यांत येई. एफ्राईमी बोलींत तो 'श' नीट उमटत नसे. तो 'सिबोलेथ' म्हणे, आणि तेथेंच त्याचा वध होई. ४२,००० एफ्राईमी पडले, असें ग्रंथ सांगतो. मराठींत 'श'चा 'स' झाला, तर फार तर हंसें होतें. त्या उतारांवर प्राण जात.

१६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलांत हा शब्द भाषांतर न करितां तसाच ठेविला आहे. 'कणीस' असें लिहिलें असतें, तर कथेचा प्राण असलेला उच्चारभेदच नाहींसा झाला असता. १६७१ मध्यें मिल्टननें 'सॅम्सन अ‍ॅगोनिस्टीस' या नाट्यकाव्यांत या वधाचा उल्लेख केला. पुढें हा शब्द उच्चारावरून मतांवर सरकला, आणि पंथांच्या व पक्षांच्या ठराविक सूत्रांस तो लागूं लागला.

मूळ अर्थ मात्र पुराणकाळींच राहिला नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो याच्या सैनिकांनीं सरहद्दीवरील हजारों हैती लोकांची कत्तल केली. तेव्हां 'पेरेहिल', म्हणजे एका साध्या पालेभाजीचें स्पॅनिश नांव, संशयितांकडून वदवून घेत, असें सांगतात; कारण हैतीच्या बोलीस स्पॅनिश 'र' अवघड जातो. ही परीक्षा किती सर्रास झाली याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत, कत्तलीविषयीं नाहींत.

कणीस काय, भाजी काय, कसोटीस लावलेल्या वस्तूशीं परीक्षकास कांहींच कर्तव्य नसतें. बोलणारा कोणाचा, एवढेंच पाहण्यासाठीं जेव्हां एखादा शब्द वदवून घेतला जातो, तेव्हां तो शिबोलेथ होतो.