पैसे भरून स्वयंपाक शिकायचा?

मुलगी हॉटेल मॅनेजमेंटला जाते म्हणाली की घरात ठरलेला प्रश्न येतो, "पैसे भरून स्वयंपाकच शिकायचा का?" याचं उत्तर मुंबईत बायकांनीच देऊन ठेवलंय.

स्वातंत्र्यानंतर देशात धान्याची टंचाई होती. कन्हैयालाल मुन्शी 1950 ते 1952 केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्न परिषदेने 'अन्नपूर्णा' उपाहारगृहं काढली. तिथे तांदूळ-गव्हाऐवजी इतर जिनसांचे पदार्थ मिळत. घरी अंदाज चुकला तर निभावून नेतो आपण. गिऱ्हाईकापुढे ते चालत नाही; ते शिकावंच लागतं. 1954 मध्ये याच परिषदेने मुंबईत केटरिंगची संस्था सुरू केली. दादरची इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट ती हीच.

अशा संस्थांत पदार्थांइतकंच वागणंही शिकवतात. कापलेली नखं, बांधलेले केस, इस्त्रीचा गणवेश, वेळेआधी हजेरी, मोजूनमापून घेतलेले जिन्नस. मग काही महिने खऱ्या हॉटेलात काम. मालक हेच पाहतात: कालची चव आज आहे का, चूक लपवली का, गिऱ्हाईक चिडलं तेव्हा आवाज चढला का.

पण मुलींना आम्ही आणखी एक सांगतो. नम्रता म्हणजे अपमान गिळणं नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. मालकाच्या अपेक्षा पाठ करा, तसा हा हक्कही पाठ करा.