वन्यपुरुषाचे थालर : संग्राहकांच्या नामकरणाविषयी काही विचार

जर्मनीतील हार्ट्झ पर्वतात इनरस्टे नदीच्या काठी विल्डेमान नावाचे खाणकामगारांचे गाव १५२९ च्या सुमारास वसले. नव्या खाणींच्या शोधात आलेल्या लोकांना तेथे एक वन्यपुरुष आढळला, त्यांनी त्यास बाणांनी घायाळ करून पकडले, आणि त्याच्या वसतिस्थानीच धातूची समृद्ध शीर लागली, अशी आख्यायिका आहे. 'विल्डेमान' याचा अर्थच 'रानटी पुरुष'. आख्यायिकेवरून गावाचे नाव पडले की नावाच्या समर्थनार्थ आख्यायिका रचली गेली, हा स्थलनामांच्या अभ्यासकाचा नेहमीचाच पेच होय.

ब्राउन्श्वाइग-वोल्फेनब्यूटेलचा ड्यूक धाकटा हाइनरिख याने १५३९ पासून हा केसाळ, हाती वृक्ष धरलेला पुरुष आपल्या चांदीच्या थालरांवर आणला. पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या जॉर्ज राजांच्या हानोव्हरच्या नाण्यांवरही तो टिकून राहिला. आज संग्राहक या नाण्यांना 'वन्यपुरुष थालर' म्हणतात. परंतु हे नाव नाण्यावर कोठेही कोरलेले नाही. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी दिलेले आहे. खुद्द 'थालर' हा शब्द मात्र निराळ्या वाटेने आला. बोहेमियातील योआखिमस्टाल येथे १५२० च्या सुमारास पडलेल्या नाण्यांच्या नावातून गाव गळाले आणि 'स्टाल' मधील 'टाल', म्हणजे दरी, एवढेच काय ते उरले. 'डॉलर' हा त्याचाच वंशज.

हाइनरिखचा पुत्र युलिउस (कारकीर्द १५६८–१५८९) याने या पुरुषाच्या हाती जळती मेणबत्ती दिली. इतरांची सेवा करता करता मी झिजतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्याशी जोडले. कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत त्याने त्यात कवटी, वाळूचे घड्याळ आणि चष्मा यांची भर घातली. जो स्वतःला ओळखू इच्छीत नाही, त्याला दिवा आणि चष्मा काय कामाचे, असा या चित्राचा आशय. आणि ते वचन नाण्यावर केवळ आद्याक्षरांनी दिलेले असल्याने जाणकारावाचून कोणास उलगडणे कठीण. संग्राहकांनी या नाण्यास 'चष्मा थालर' हे नाव दिले. येथेच, माझ्या मते, नावाने अर्थाचा घात केला आहे. मृत्यू आणि काळ सुचविणारी कवटी व घड्याळ मागे पडली, आणि गंमतीचा चष्मा तेवढा पुढे आला.

याचा परिणाम व्यवहारावरही होतो. १५६६ च्या साम्राज्यीय नाणेकायद्यानुसार थालराचे वजन सुमारे २९ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे २६ ग्रॅम. धातूच्या हिशेबाने चष्म्याचे नाणे आणि साधे वन्यपुरुषाचे नाणे यांत काहीच भेद नाही. भेद पडतो तो दुर्मिळतेने, स्थितीने आणि नावाच्या आकर्षणाने. दागिना करण्यासाठी जडविलेली कडी काढून टाकल्याची खूण काठावर राहिली असेल, तर चतुर खरेदीदार लगेच भाव पाडतो. हाले येथील वैद्य डाविड सामुएल माडाई यांच्या १७६५–६७ मधील थालर-सूचीपासून डेव्हनपोर्टच्या विसाव्या शतकातील सूचींपर्यंत प्रत्येक नाण्यास क्रमांक मिळत गेला आहे. व्यापारी हा क्रमांक लिहितो खरा, पण मथळ्यात नाव घालतो.

म्हणून संशोधकाने नोंदपत्रावर प्रथम लेखाक्षरे जशीच्या तशी उतरवावीत, मग चित्रातील सर्व चिन्हे क्रमाने नोंदवावीत, आणि संग्राहकाचे नाव अखेरीस, अवतरणचिन्हांत, लिहावे.