स्वभावाचें माप

मनुष्यस्वभावाचे कप्पे पाडण्याची हौस फार जुनी आहे. ग्रीक थिओफ्रास्टसानें ३० नमुने रंगविले. पण त्यांवरून कोणास औषध द्यावयाचें नव्हतें. कुर्ट श्नायडर या जर्मन वैद्यानें १९२३ सालीं विकृत स्वभावाचे १० प्रकार सांगितले, आणि १९८० सालीं अमेरिकन मानसवैद्यांच्या संहितेनें असे कप्पे पक्के केले. तिच्या १९९४ च्या आवृत्तींत, भावनांचा तोल वारंवार ढळणाऱ्या 'सीमावर्ती' स्वभावाचीं ९ लक्षणें आहेत. त्यांतलीं ५ जुळलीं कीं मनुष्य रोगी. ४ जुळलीं तर नाहीं! दोघां रोग्यांत एकच लक्षण समान असणेंहि शक्य. ताप मोजतात, तसा स्वभाव कां मोजूं नये?

जागतिक आरोग्य संघटनेचें नवें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलें. त्यांत आधीं विकार सौम्य, मध्यम कीं तीव्र हें ठरवावयाचें. मग चिंताविषाद, अलिप्तपणा, निष्ठुरपणा, उतावीळपणा आणि काटेकोरपणाचा अतिरेक यांपैकीं काय प्रबळ आहे तें नोंदवावयाचें. आम्हांस हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. 'तूं अमक्या जातीचा' यापेक्षां 'हा गुण तुझ्यांत फाजील झाला आहे' हें ऐकून घरीं परतणें सोपें. तथापि 'सीमावर्ती' ही एक खूण तेथेंहि ठेवावी लागली. तें नांव गेल्यास रुग्णांचे उपचार तुटतील, अशी पुष्कळ वैद्यांची तक्रार होती.